लुसिया हॅरिसचे २,९८१ गुण

लुसिया हॅरिस हे नाव आज कोणाला माहीत असलेच, तर ते बहुधा प्रश्नमंजुषेतील एका उत्तरापुरते असते: एनबीए या अमेरिकेतील पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने अधिकृतपणे ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडूंवर आळीपाळीने हक्क सांगतात त्या वार्षिक निवडीत, निवडलेली एकमेव स्त्री. १० जून १९७७ रोजी न्यू ऑर्लिन्स जॅझ या संघाने सातव्या फेरीत, एकूण क्रमवारीत १३७ व्या जागी तिची निवड केली, हे अगदी खरे आहे. मात्र त्या दिवशी ती काहीही खेळली नव्हती. जे तिने मैदानावर करून दाखवले होते ते त्याआधीच्या चार वर्षांत, मिसिसिपी राज्यातल्या एका लहानशा सरकारी विद्यापीठात घडून गेले होते. पुरुषांनी दखल घेतली तो दिवस लक्षात राहावा आणि ज्यामुळे ती घ्यावी लागली तो खेळ विस्मरणात जावा, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून हा लेख.

लुसियाचा जन्म १० फेब्रुवारी १९५५ चा, मिसिसिपीतील लफ्लोर काउंटीमधल्या मिंटर सिटी या गावचा. मिसिसिपी डेल्टा म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश म्हणजे मैलोन्‌मैल सपाट, काळीभोर, कापसाची जमीन. ती कसणारे बहुतांशी कृष्णवर्णीय आणि तिचे मालक बहुतांशी गोरे. अकरा भावंडांत लुसिया दहावी, आणि वडील शेतीवर घर चालवणारे. ती सहा महिन्यांची असताना त्याच काउंटीतल्या मनी नावाच्या वस्तीतून एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पळवून नेऊन ठार मारण्यात आले आणि आरोपी निर्दोष सुटले. पुढे ज्या मुलीसाठी गोऱ्या प्रेक्षकांनी भरलेले क्रीडागृह उभे राहून टाळ्या वाजवणार होते, ती कोणत्या मातीतून आली हे कळायला एवढा एक संदर्भ पुरे आहे.

खेळाची गोडी घरातच लागली, भावंडांबरोबर अंगणात खेळताना. रात्री झोपायची वेळ उलटून गेल्यावर आईला दूरचित्रवाणीचा उजेड दिसू नये म्हणून ती पांघरूण ओढून सामने पाहत असे, आणि तिचा सर्वांत आवडता खेळाडू होता ऑस्कर रॉबर्टसन. शाळेत मात्र उंचीवरून चिडवणे नित्याचे होते. आपल्याकडे उंच मुलीला नातेवाइकांकडून ‘हिला नवरा कुठून शोधायचा’ हे वाक्य ऐकावे लागते. तिला वर्गमित्रांकडून ‘लांबलचक आहे, बाकी काही नाही’ अशा अर्थाची टवाळी ऐकावी लागत होती. सहा फूट तीन इंचांवर ती थांबली, तोवर ग्रीनवुडच्या अमांडा एल्झी हायस्कूलमध्ये प्रशिक्षक कॉन्वे स्टुअर्ट यांनी तिला संघात घेतले होते आणि एका सामन्यात ४६ गुण करून तिने शाळेचा विक्रमही केला होता.

शाळा संपल्यावर ती कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या अल्कॉर्न स्टेट या विद्यापीठात जाणार होती, पण तिथे मुलींचा बास्केटबॉल संघच नव्हता. म्हणजे तिचा खेळ अठराव्या वर्षीच संपला असता. त्याच सुमारास क्लीव्हलँड गावातल्या डेल्टा स्टेट विद्यापीठात मुलींचा संघ नव्याने उभा राहत होता आणि तिथल्या मेल्विन हेम्फिल यांनी तिला आपल्याकडे येण्याविषयी विचारले.

इथे थोडे थांबून मार्गारेट वेड यांच्याविषयी सांगायला हवे, कारण त्यांच्यावाचून ही कथा पुरी होत नाही. वेड स्वतः १९३० च्या सुमारास डेल्टा स्टेटच्याच खेळाडू होत्या. १९३२ मध्ये, हा खेळ तरुण मुलींना झेपण्यापलीकडचा आहे असे कारण देऊन विद्यापीठाने मुलींचा संघ बंद करून टाकला. खेळाडू मुली रडल्या आणि त्यांनी आपले गणवेश जाळले. त्याहून अधिक काही करणे त्यांच्या हातात नव्हते. त्यानंतर वेड यांनी शाळेच्या संघांना वर्षानुवर्षे शिकवले, मग विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापन केले, आणि १९७३ मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, त्यांना विचारण्यात आले की संघ पुन्हा सुरू करायचा आहे, तुम्ही प्रशिक्षक व्हाल का. चाळीस वर्षे बंद असलेले दार उघडायला त्या पुढे झाल्या आणि त्याच वर्षी त्या दारातून अठरा वर्षांची लुसिया हॅरिस आत आली.

हे दार आपोआप उघडले नव्हते. १९७२ च्या जूनमध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला आणि केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेदभाव करण्यास मनाई झाली. त्याच्या आदल्या वर्षीपासून मुलींचा बास्केटबॉल पाच खेळाडूंनी, पूर्ण मैदानावर खेळण्याचा नियम रूढ झाला होता. त्यापूर्वी मुलींसाठी सहा खेळाडूंचा, मैदान विभागून खेळायचा वेगळा खेळ असे, कारण धावून त्या दमतील ही भीती. महाविद्यालयीन मुलींच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू ही स्त्रियांनीच चालवलेली संघटना भरवत होती. खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊ नये असा सुरुवातीला या संघटनेचाच नियम होता आणि १९७३ मध्ये न्यायालयात दावा दाखल झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. लुसियाला खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली नाही. अभ्यासासाठी मिळणारे साहाय्य आणि विद्यापीठातच काम करून मिळणारे पैसे यांवर ती शिकली. देशातली सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू आपल्या शिक्षणाचा खर्च अशा रीतीने भागवत होती, ही गोष्ट मला तिच्या कोणत्याही विक्रमाहून अधिक बोलकी वाटते.

शाळा-कॉलेजात मी स्वतः पोस्टवर, म्हणजे बास्केटला पाठ करून उभे राहण्याच्या जागेवर, खेळलेली असल्यामुळे तिचे जुने चित्रीकरण पाहताना माझे लक्ष गुणफलकाकडे कमी आणि तिच्या पायांकडे अधिक जाते. बास्केटपासून सात-आठ फुटांवर ती जागा धरते, गुडघे वाकवून, कंबर खाली नेऊन, आणि एकदा धरलेली जागा तिच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. चेंडू तिच्याकडे उंचावरून येतो आणि ती तो उंचावरच ठेवते. तो छातीपर्यंत खाली आणून पुन्हा वर नेण्याची, उंच मुलींना हमखास असलेली आणि प्रशिक्षकांच्या जिवाला घोर लावणारी सवय तिला जवळजवळ नाहीच. मग एका पायावर वळण, खांदा बचाव करणाऱ्या मुलीच्या पलीकडे, आणि जवळून, बोर्डच्या आधाराने, हलक्या हाताने टाकलेला चेंडू. त्यात दिखाऊ असे काही नसते. चुकलाच तर तोच चेंडू रिंगवरून परत येताना पुन्हा तिच्याच हातात येतो. त्या काळी मुली पुरुषांच्याच आकाराच्या चेंडूने खेळत. लहान चेंडू १९८४ च्या हंगामात आला. तीन गुणांची रेषाही मुलींच्या महाविद्यालयीन खेळात नव्हती, त्यामुळे बचाव करणाऱ्या संघाला बाहेरून टाकलेल्या चेंडूचे फारसे भय नसे आणि दोघी-तिघी तिच्याभोवती गोळा होऊ शकत. तरीही तिने टाकलेल्या चेंडूंपैकी निम्म्याहून अधिक बास्केटमध्ये जात.

पहिल्या हंगामात डेल्टा स्टेटने १६ सामने जिंकले आणि २ गमावले. दुसऱ्या हंगामात, १९७४-७५ मध्ये, एकही सामना न हरता हा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आला आणि समोर होता फिलाडेल्फियाजवळच्या इमॅक्युलाटा या छोट्या कॅथलिक महाविद्यालयाचा संघ, जो आधीच्या सलग तीन वर्षांचा विजेता होता. १९७५ चा तो सामना डेल्टा स्टेटने ९०-८१ असा जिंकला. त्यात लुसियाचे ३२ गुण आणि १६ रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेले चेंडू पकडणे. पुढच्या वर्षी पुन्हा इमॅक्युलाटा, ६९-६४. त्याच्या पुढच्या वर्षी लुइझियाना स्टेट, ६८-५५. सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे आणि मधल्या काळात सलग ५१ सामने जिंकण्याची मालिका. १९७५-७६ च्या एकाच हंगामात तिने एक हजाराहून अधिक गुण केले, सरासरी सामन्याला ३१ च्या वर. टेनेसी टेक विरुद्ध एका सामन्यात ५८, आणि १९७७ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, जिथे मुलींचे सामने भरू लागून जेमतेम दोन वर्षे झाली होती, ४७. पदवीबरोबर तिला ब्रॉडरिक कप मिळाला. देशातील सर्व खेळांमधून एका सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन महिला खेळाडूला दिला जाणारा हा पुरस्कार त्या वर्षी प्रथमच दिला गेला आणि त्याची पहिली मानकरी ती ठरली.

डेल्टा स्टेटचा संघ घरचे सामने वॉल्टर सिलर्स कोलिझियममध्ये खेळत असे. वॉल्टर सिलर्स हे अनेक वर्षे मिसिसिपी विधानसभेचे अध्यक्ष होते आणि वंशभेदाचे कट्टर पुरस्कर्ते होते. डेल्टा स्टेटने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देणे सुरू केले ते साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९६९ मध्ये त्या विद्यार्थ्यांनी आपल्या मागण्यांसाठी धरणे धरले तेव्हा त्यांना अटक करण्यात आली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी संघातली एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून लुसिया सिलर्स यांच्या नावाच्या त्या सभागृहात उतरली, आणि मुलींच्या सामन्यांना मुलांच्या सामन्यांपेक्षा जास्त गर्दी होऊ लागली. विद्यार्थ्यांनी तिला होमकमिंग क्वीन, म्हणजे विद्यापीठाच्या वार्षिक सोहळ्याची राणी, म्हणूनही निवडले. हा मान मिळालेली ती त्या विद्यापीठातली पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. याने वंशभेद संपला असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. पण तिच्या खेळाने त्या गावाला एका गोष्टीची सवय लावली: तिकीट काढून, तासभर आधी येऊन, एका कृष्णवर्णीय मुलीच्या नावाने जयघोष करणे. कायद्याने इतक्या लवकर ते झाले नसते.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. पुरुषांचा बास्केटबॉल तिथे १९३६ पासून होता. पहिला सामना अमेरिका विरुद्ध जपान, आणि त्या सामन्यातले पहिले दोन गुण लुसियाचे. म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासात महिला बास्केटबॉलचे पहिले बास्केट तिच्या नावावर आहे. तो सामना अमेरिका हरली, ८४-७१ असा. सहा संघ एकमेकांशी खेळले. सोव्हिएत संघाने सुवर्ण जिंकले आणि त्या संघाची सात फूट उंचीची उल्याना सेम्योनोव्हा हिच्यापुढे कोणाचेच काही चालले नाही. अमेरिकेला ११२-७७ असा दारुण पराभव पत्करावा लागला, तरी रौप्यपदक मिळाले. अमेरिकेकडून सर्वाधिक गुण लुसियाने केले, सामन्याला सरासरी १५.२. त्या संघातली तिच्या सोबतीणींची नावे वाचली तर पुढचा सगळा इतिहास त्यात दिसतो: पॅट हेड, जी पॅट समिट या नावाने टेनेसी विद्यापीठाची प्रशिक्षक म्हणून १,०९८ सामने जिंकणार होती, अ‍ॅन मेयर्स, आणि तेव्हा शाळकरी वयाची नॅन्सी लीबरमन.

आता तो ड्राफ्ट. १९७७ च्या वसंतात लुसियाचे शिक्षण संपले तेव्हा अमेरिकेत स्त्रियांसाठी व्यावसायिक बास्केटबॉलची एकही लीग नव्हती. जॅझने तिचे नाव घेतले ते या पोकळीत. याआधी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने डेनिस लाँग या शाळकरी मुलीचे नाव घेतले होते, पण लीगने ती निवड रद्द केली. लुसियाची निवड मात्र रद्द झाली नाही. तिच्यानंतर त्या दिवशी तीसहून अधिक पुरुषांची नावे पुकारली गेली. तिला स्वतःला हा प्रसिद्धीचा खटाटोप वाटला आणि तिने तो नाकारला. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिचा विवाह झाला होता, ती गरोदर होती, त्यामुळे सराव शिबिराला जाणे तसेही शक्य नव्हते. सहा फूट तीन इंचांची, बास्केटजवळ खेळणारी खेळाडू पुरुषांच्या लीगमध्ये गार्डपेक्षा, म्हणजे बाहेरून खेळणाऱ्या, सहसा सर्वांत बुटक्या खेळाडूपेक्षा, उंच ठरत नाही आणि तिने आयुष्यभर बास्केटला पाठ करून खेळण्याची कला कमावली होती. आपण तिथे टिकणार नाही हे तिचे मत भित्रेपणाचे नव्हते, तो एका जाणत्या खेळाडूने केलेला हिशेब होता. अ‍ॅन मेयर्स १९७९ मध्ये एनबीएतल्याच इंडियाना पेसर्स या संघाच्या चाचणीला गेली, तीन दिवस खेळली, आणि तिलाही संघात जागा मिळाली नाही. मेयर्सच्या धाडसाचे कौतुक व्हावे, पण त्यासाठी लुसियाच्या नकाराला कमी लेखण्याचे कारण नाही.

मला प्रश्न पडतो तो वेगळा. बावीस वर्षांच्या, आपल्या खेळात देशात पहिल्या असलेल्या मुलाला १९७७ मध्ये काय मिळाले असते, आणि तिला काय मिळाले? डेल्टा स्टेटमध्ये प्रवेश विभागात समुपदेशकाची नोकरी आणि सहायक प्रशिक्षकाचे काम. १९७८ मध्ये डब्ल्यूबीएल ही स्त्रियांची लीग निघाली आणि १९७९-८० च्या हंगामात ती ह्यूस्टन एंजल्सकडून खेळली, एकच हंगाम. ती लीग १९८१ मध्ये बंद पडली. डब्ल्यूएनबीए या आजच्या स्त्रियांच्या लीगचा पहिला हंगाम खेळला गेला १९९७ मध्ये, तेव्हा लुसिया बेचाळीस वर्षांची होती. कारकीर्द संपली असे आपण सहज लिहितो. तिच्याबाबतीत ती संपली नाही, तिला पुढे जायला जागाच नव्हती. महाविद्यालयाबाहेर उत्तम खेळणाऱ्या स्त्रीला काय द्यायचे याचा विचार कोणी केलेला नव्हता, आणि तोवर तिचे सर्वांत चांगले खेळण्याचे वय निघून गेले.

पुढच्या आयुष्यात तिने शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली, टेक्सास सदर्न विद्यापीठाच्या संघाला दोन वर्षे प्रशिक्षण दिले, चार मुले वाढवली आणि डेल्टात परत येऊन शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवले; ज्या अमांडा एल्झीमधून ती घडली तिथेही तिने काम केले. बायपोलर हा मानसिक आजार तिला बरीच वर्षे सोसावा लागला आणि त्याविषयी ती पुढे मोकळेपणाने बोलली. खेळ अचानक थांबल्यानंतरच्या काळाशी या आजाराचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण आजाराची कारणे इतकी सरळ नसतात, म्हणून मी तो जोडणार नाही. एवढे मात्र म्हणेन की ज्या मुलीला तीन वर्षे संपूर्ण देश ओळखत होता, तिला त्यानंतरच्या काळात सांभाळून घेणारी कोणतीही यंत्रणा त्या खेळाकडे नव्हती.

मान मिळाला तो उशिरा, पण मोठा मिळाला. १९९२ मध्ये स्प्रिंगफील्डच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या थोर व्यक्तींच्या स्मारक-संग्रहालयात, तिचा आणि नेरा व्हाइटचा समावेश झाला. खेळाडू म्हणून तिथे गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया, आणि लुसिया ही तिथली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्या समारंभात तिला सादर करायला तिच्यासोबत उभे होते ऑस्कर रॉबर्टसन. १८ जानेवारी २०२२ रोजी, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेल्या माउंड बायू या डेल्टातल्याच गावी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ती गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी तिच्यावरच्या लघुमाहितीपटाला ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्यात ती स्वतः बोलते, हसतमुखाने, आणि एनबीएला नकार दिल्याचा आपल्याला जराही पश्चात्ताप नाही असे सांगते.

माझ्या दृष्टीने एक हिशेब अजून बाकी आहे. महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल १९८१-८२ मध्ये एनसीएए या संघटनेने आपल्याकडे घेतला, एआयएडब्ल्यू बंद पडली, आणि एनसीएएच्या विक्रमांच्या पुस्तकात त्याआधीचे सारे वर्षानुवर्षे गैरहजर राहिले. २०२४ च्या सुरुवातीला आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क गुणांचे विक्रम मोडत होती तेव्हा हा वाद पुन्हा निघाला, कारण एनसीएएचा विक्रम मोडल्यानंतरही लिनेट वुडार्डचे एआयएडब्ल्यू काळातील ३,६४९ गुण तिच्या पुढेच होते. ते क्लार्कने २८ फेब्रुवारीला ओलांडले आणि त्या निमित्ताने वुडार्डचे नाव अनेकांनी प्रथम ऐकले. लुसियाचे आकडे त्याच वगळलेल्या पानांतले आहेत: ११५ सामने, त्यांपैकी १०९ विजय, १,६६२ रिबाउंड, सामन्याला सरासरी २५.९ आणि एकूण २,९८१ गुण, हे सगळे दोन-दोन गुणांचे बास्केट आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे फेक, यांतून, पुरुषांच्या मापाच्या चेंडूने. ते एनसीएएच्या मुख्य यादीत, आजच्या मुलींच्या नावांच्या शेजारी छापले गेले पाहिजेत.